परीटघडी

आमची बीडीडी चाळ पुनर्विकासात गेली. खोली रिकामी करायची तारीख आली तेव्हा मी मुद्दाम दोन दिवस आधी जाऊन राहिले. १६० चौरस फुटांची खोली. तिच्यात आमच्या तीन पिढ्या जेवल्या, झोपल्या, भांडल्या. भावजय सामान बांधत होती. तिनं पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली आणि म्हणाली, "वन्सं, हिचं काय करायचं? भंगारवाला न्यायला तयार आहे. आतल्या लुगड्यांवर बोहारीण एखादं पातेलं देईल. नव्या जागेत ही घाण कुठं ठेवू?"

मी म्हटलं, "ही घाण नाही."

"मग काय आहे?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही, म्हणून आम्ही भांडलो. तिचंही चूक नव्हतं. संसार तिनं केला, त्या ट्रंकेवर तीस-पस्तीस वर्षं गाद्या तिनं रचल्या. मी आपली लग्न करून पुण्याला गेलेली नणंद. त्या वेळी जे सुचलं नाही ते आता कागदावर मांडतेय. पोरांनो, पोरींनो, तुम्ही सभा घेता, पत्रकं काढता, महाडच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ आहेत. पण आपल्या घरात कपडा ठेवायला जागा कधी झाली, हे घरातल्या म्हातारीला कधी विचारलंत का? मीही विचारलं नव्हतं. आज्जीनं जे आपण होऊन सांगितलं तेवढंच माझ्याजवळ आहे.

आज्जीचं घर माण तालुक्यात, गावकुसाबाहेर. त्या घरात कपाट नव्हतं, पेटी नव्हती. एक कोनाडा होता तो दिव्याचा, एक खुंटी होती ती आज्याच्या घोंगडीची. आणि एक वलणी होती. वलणी म्हणजे आढ्याला दोन दोऱ्यांनी टांगलेली आडवी काठी. पाटलाच्या वाड्यातही वलणी असायची, पण तिच्यावर घरातल्या बायांची पातळं, धोतरं, उपरणी अशी हारीनं टाकलेली. आमच्या वलणीवर दिवसा वाकळ असायची आणि रात्री वलणी रिकामी असायची, कारण वाकळ अंगावर घेतलेली. आज्जी म्हणायची, "ठिवायचं काय गं? लुगडं येक, त्ये अंगावर."

एकच लुगडं असलेली बाई ते धुते कसं, हा प्रश्न आता कुणाला पडणार नाही. ओढ्यावर जायचं, अर्धं लुगडं अंगाला गुंडाळून अर्धं धुवायचं, ते कातळावर वाळवायचं, मग वाळलेलं गुंडाळायचं आणि उरलेलं धुवायचं. पावसाळ्यात तेही नाही. ओलं लुगडं अंगावरच वाळायचं. लुगडं मधेच विरलं की विरलेला भाग फाडून टाकायचा आणि दोन्ही बाजूंची धड कापडं जोडून शिवायची. त्याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं पुन्हा विरलं की त्याची चोळी, लेकराचं टोपडं, कुंची. ते फाटलं की वाकळेत. आमच्या घरातली वाकळ म्हणजे वर-खाली बघितलं तर चार पिढ्यांची धडुती होती. आज्जी बोट ठेवून सांगायची, हा माझ्या सासूचा पदर, ही तुझ्या मेलेल्या चुलत्याची बंडी. कपडा ठेवायची आमची पहिली जागा कुठली म्हणाल तर ती वाकळ.

आता कुणी म्हणेल, गरिबी होती, गरिबाला कुठून आले दोन-दोन जोड? कुणब्याच्या घरीही दंडाचं लुगडं होतंच की. होतं, मान्य. पण गरिबी सगळ्यांना होती आणि कायदा आपल्याला होता, हा फरक आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत असं लिहिलं आहे. ज्या पुस्तकाची महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी होळी झाली, त्याच पुस्तकात आपल्या कपड्यांचा हा नियम आहे. गावगाड्यानं तो वतनात बसवला. महाराच्या हक्कांच्या ज्या याद्या सांगितल्या जातात, त्यात मढ्यावरचं कापड हा एक हक्क! हक्क म्हणे. बाकी वर्षभर वाड्यावरून मिळायचं ते जुनेर. म्हणजे कापड आपल्या घरात यायचं तेच मुळी दुसऱ्याच्या अंगावरून उतरून, जिवंत माणसाच्या नाहीतर मेलेल्याच्या. कोरं कापड, घडीचं कापड ही आपल्या वाटची गोष्टच नव्हती.

आणि कुणी पैसे साठवून कोरं आणलंच तर? बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये फलटणकडची रीत लिहून ठेवली आहे. महाराच्या बाईनं लुगड्याचे काठ दिसू द्यायचे नाहीत, ते निऱ्यांच्या आत दडवायचे. काठ दिसले की गावाचा अपमान. माण तिथून लांब नाही. आज्जीनंही हेच सांगितलं होतं, मी पुस्तक वाचायच्या कितीतरी आधी. आणि हे फक्त साताऱ्याकडचं खूळ होतं असंही नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात इंदूर भागातल्या बलाई लोकांवर १९२८ साली लादलेल्या अटी दिल्या आहेत. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचे दागिने आणि भारी पोलकी घालायची नाहीत. त्या याद्या एकदा शांतपणे वाचा. लिहिणाऱ्याला आपल्या माणसाचं अंग झाकलं जाण्याचा राग नव्हता. काठ दिसण्याचा राग होता. काठ असला म्हणजे हे कापड विकत घेतलेलं आहे, फेकलेलं नाही, हे लांबूनच कळतं.

मराठीत 'घडी मोडणं' असा एक शब्द आहे. नवं लुगडं पहिल्यांदा नेसलं की म्हणतात, आज घडी मोडली. दुकानातली घडी अंगावर उमटलेली असते, चौकोन चौकोन. बायका हौसेनं त्या दिवशी घडीचं लुगडं मिरवतात. आज्जीची रीत उलटी. तिला लग्नानंतर एकदा माहेरून कोरं लुगडं आलं. तिनं ते आधी पाण्यातून काढलं, पिळून गोळा करून ठेवलं, घडीची खूण पुरती मोडली आणि मग नेसली. त्यातून उरल्या दिवशी ते कुठं ठेवायचं? वलणीवर टाकलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाराबाहेरून दिसणार. म्हणून उतरंडीच्या खालून तिसऱ्या मडक्यात, वर ज्वारी. मला वाटतं आपल्यात कपडे नीट ठेवायची सुरुवात अशी झाली. बाकीच्या जगात कपडा जपायला ठेवतात, आपण लपवायला ठेवला. उतरंडीत, वैरणीत, वाकळेच्या दोन थरांमध्ये.

घडीचाच दुसरा शब्द परीटघडी. कडक इस्त्रीचे, स्वच्छ, चौकोनी घडीचे कपडे. पण गावचा परीट आपले कपडे धूत नव्हता. बलुतेदार तोही, आपण त्याच्या खालचे, तो विटाळ कसा घेईल? न्हावी डोक्याला हात लावत नव्हता, परीट कपड्याला. तेव्हा परीटघडी हा शब्द मराठी म्हणून आपला आणि वस्तू म्हणून परका. घरीच धुवायचं म्हटलं तर पाणी लागतं आणि पाणवठा बंद. विहीर त्यांची, तळं त्यांचं, आपल्याला ओढ्याचा खालचा डोह. उन्हाळ्यात तोही आटायचा. मग तेच लोक नाक मुरडून म्हणायचे, ही माणसं घाणेरडी. चवदार तळ्याकडं आपण पिण्याच्या पाण्याचा लढा म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण आज्जीसारख्या बाईला विचारलं असतंत तर ती प्यायच्या पाण्याबरोबर लुगड्याच्या पाण्याचंही बोलली असती.

आपल्यातल्या काही घरांत मात्र पेटी लवकर आली. ती पलटणीतून आली. इंग्रजांच्या फौजेत महार होते. १८९२-९३च्या सुमारास ती भरती बंद झाली, तोवर दापोली-साताऱ्याकडं पेन्शनरांची घरं उभी राहिली होती. शिपायाला गणवेष असतो, तो घडी घालून ठेवावा लागतो, तपासणी होते. माझा समज असा की घडी घालायची शिस्त आपल्याकडं परटाकडून आली नाही, सुभेदार-जमादारांकडून आली. सुभेदार रामजींचं घर त्यातलंच. बाबासाहेबांनी लहानपणची एक गोष्ट लिहून ठेवलीय ती तुम्हाला ठाऊक असेल. १९०१ साल. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला पोरं साताऱ्याहून निघाली, मसूरला उतरली. त्या प्रवासासाठी नवे विलायती शर्ट, चमकदार टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं केलेली. स्टेशनमास्तरला वाटलं ही ब्राह्मणाचीच मुलं. मुलांनी भाबडेपणानं जात सांगितली आणि त्याचा चेहरा फिरला. दुप्पट भाडं देऊनही गाडीवाला गाडी हाकायला तयार होईना, पोरांनी स्वतः हाकायची असं ठरलं. कपड्यानं जात झाकली आणि एका शब्दानं ती उघडी पडली. म्हणून मला कुणी सांगितलं की नीट कपडे घातले की जात जाते, तर मी त्याला मसूर स्टेशन दाखवते. आणि कुणी सांगितलं की कपड्याला महत्त्व नाही, तर त्याला महाड दाखवते.

महाडला डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेब आपल्या बायांशी वेगळे बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कोपरापर्यंतचे कथलाचे-चांदीचे दागिने, गळ्यात ढीगभर गळसऱ्या, या तुमच्या अस्पृश्यपणाच्या खुणा आहेत, त्या टाका. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा. बायांनी दुसऱ्या भाषणाची वाट बघितली नाही, लगेच नेसण बदललं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक केलं. चळवळीतल्या बायांशी बोलून, त्यांच्या तोंडून ऐकून केलं. ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी पुढचा मोर्चा एक दिवस पुढं ढकलून आधी वाचावं.

हे वारं आमच्या माणमध्ये वर्षा-दोन वर्षांनी पोचलं. आज्जीनं उतरंडीतलं लुगडं काढलं, घोट्यापर्यंत सोडून नेसली, काठ बाहेर, आणि बाजारच्या दिवशी चावडीवरून गेली. चावडीवर बसलेला एकजण ओरडला, "कुणाचं लुगडं चोरलंस गं?" आज्जी सांगायची, "म्या थांबले. म्हनलं, बापानं दिलंय, पावती न्हाय माज्यापाशी." त्याचं फळ म्हणून त्या सुगीला तिला खळ्यावर बोलावलं नाही. बलुतं बुडालं. पण ते लुगडं पुन्हा उतरंडीत गेलं नाही. आजा वलणीच्या जवळ आणखी एक खुंटी ठोकून मोकळा झाला. ती खुंटी मी पाहिलीय. गोष्ट एवढीच. पण ती सांगताना आज्जीचा आवाज बदलायचा.

माझे वडील चाळीसच्या सुमारास मुंबईला आले, गिरणीत लागले. सूतखात्यात. साचाखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्याला प्रवेश नव्हता. कारण ऐका. धोट्यातल्या कांडीचा धागा तुटला की तो तोंडानं ओढून घ्यायचा, आणि आपल्या तोंडाची थुंकी सवर्ण कामगाराला चालणार नव्हती. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर टाकला होता. वडील लागले तेव्हाही त्यांच्या गिरणीत फार फरक पडला नव्हता. गंमत बघा, तिकडं विदर्भात आपलीच माणसं पिढ्यान्पिढ्या जाडंभरडं कापड विणत होती, आणि इकडं मुंबईत विणायला हात लावला तर विटाळ. ज्याच्या हातानं सूत निघालं त्याच्या बायकोला १९४३ नंतर कंट्रोलच्या कापडासाठी रांगेत उभं राहावं लागलं.

पण गिरणीनं ट्रंक दिली. म्हणजे गिरणीनं नव्हे, गिरणीच्या पगारानं. काळ्या पत्र्याची, कडीकोयंड्याची. झाकणावर पांढऱ्या रंगानं वडिलांचं नाव आणि बिल्ल्याचा नंबर. चाळीत आमच्या खोलीत त्या वेळी नऊ माणसं होती, गावाकडचे दोन पुतणे धरून. प्रत्येकाला एक खिळा. भिंतीला ओळीनं खिळे, त्यावर रोजचे कपडे. गिरणीचे कपडे दाराबाहेर, गॅलरीतल्या तारेवर, कारण त्यांना तेलाचा आणि सुताच्या भुरक्याचा वास. घरात घालायचे दोरीवर. आणि ट्रंकेत ते, जे रोजचे नाहीत.

ट्रंक लावायची आईची पद्धत होती. ती मला अजून पाठ आहे. सगळ्यात खाली जुनं वर्तमानपत्र, वर्षानं बदलायचं. पण ज्या अंकावर बाबासाहेबांचा फोटो असेल तो तळाला घालायचा नाही, तो बाजूला कापडात गुंडाळून. त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला. डांबराच्या गोळ्या पुढं आल्या, पाला मात्र राहिला. मग थंडीचं, कारण ते वर्षातून एकदाच निघतं. मग वडिलांचा कोट. हो, कोट होता. चोर बाजारातून घेतलेला, कुणा साहेबाचा, बाह्या आखूड केलेल्या. १४ एप्रिलला आणि चाळीतल्या लग्नांना निघायचा. कोट उलटा करून घडी घालायची, खांद्यात वर्तमानपत्राचा बोळा, म्हणजे खांदा पडत नाही. त्यावर आईची दोन लुगडी, त्यावर आम्हा पोरांचे शाळेचे धडके कपडे, आणि सगळ्यात वर कागदपत्रं. शाळेचे दाखले, गिरणीच्या चिठ्ठ्या, समता सैनिक दलाच्या सभेचं एक पत्रक. कपडा आणि कागद एकाच पेटीत. दोन्हींना कसर लागते, दोन्हींना पावसाळ्यानंतर ऊन दाखवावं लागतं. आश्विनात एक दिवस आई सगळी ट्रंक गॅलरीत उपसायची. शेजारणी बघायला यायच्या. तेव्हा मला लाज वाटायची, किती थोडं आहे म्हणून. आईला वाटायची नाही. तिला ते भरपूर वाटायचं.

इस्त्री नव्हती. पितळी तांब्यात निखारे घालून वडील सदऱ्यावर फिरवायचे. निखारे नसले की विजार घडी घालून गादीखाली ठेवायची आणि तिच्यावर झोपायचं, सकाळी धार तयार. पांढऱ्याला नीळ. पाचशे-एकचा साबण महिन्याला एक वडी, तो आधी कपड्याला, उरला तर अंगाला. चाळीच्या कोपऱ्यावर भय्याची लॉन्ड्री होती, तो जात विचारत नव्हता, पैसे विचारायचा. वडिलांनी पहिल्यांदा त्याच्याकडं सदरा टाकला आणि घडी घालून कागदात बांधलेला परत आणला, तेव्हा त्यांनी तो आठ दिवस उघडला नाही. आई वैतागली, "घाला की आता." ते म्हणाले, "राहू दे. परीटघडी हाय."

मी पुढं शिकायला एका वसतिगृहात राहिले. तिथं माझी ट्रंक कॉटखाली दुसऱ्या दोन मुलींच्या ट्रंकांना लागून होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या सरकवल्या. आठव्या दिवशी माझी ट्रंक दाराशी, चपलांच्या शेजारी. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, याची लाज मला अजून आहे. वसतिगृहाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका ठिकाणाचं नव्हतंच.

आता ज्यावरून भांडण झालं त्या लुगड्याबद्दल. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाली. आमचं जाणं झालं नाही, वडिलांना रजा नव्हती. पण डिसेंबरात मुंबईतही दीक्षेचा सोहळा व्हायचा ठरला होता. चाळीत नुसती धांदल. देव काढले, काहींनी रात्री समुद्रात सोडले. आणि पांढरी लुगडी. आपल्या बायकांना पांढऱ्याची सवय नव्हती, पांढरं म्हणजे विधवेचं, असं डोक्यात बसलेलं. आई दोन दिवस खुळ्यासारखी फिरली आणि एक शुभ्र, बारीक निळ्या काठाचं पातळ घेऊन आली. किंमत वडिलांनी विचारली नाही. तिनं घडी न मोडता ते ट्रंकेत ठेवलं, सगळ्यात वर, कागदांच्याही वर. दीक्षेच्या दिवशी घडी मोडायची.

६ डिसेंबरला दिल्लीहून बातमी आली. मी पाच वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त आवाज. सगळ्या चाळीतून, सगळ्या मजल्यांवरून एकदम उठलेला. दुसऱ्या दिवशी ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यविधी. आईनं ट्रंक उघडली, ते पातळ काढलं, आणि घडी मोडली. नेसताना तिचे हात चालत नव्हते, आज्जीनं निऱ्या घालून दिल्या. त्या चौपाटीवरच, चितेसमोर, लाखभर माणसांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली. त्यात आमचं सगळं घर होतं. ज्यासाठी आणलं होतं त्यासाठीच ते पातळ नेसलं गेलं म्हणायचं.

त्यानंतर आईनं ते कधी नेसलं नाही. धुतलं एकदा, खळ न घालता, आणि ठेवून दिलं.

पुढचं लवकर सांगते. १९५८च्या कायद्यानं वतनं गेली, त्याबरोबर जुनेरं आणि मढ्यावरचं कापडही कागदोपत्री गेलं. प्रत्यक्षात आपल्या माणसांनी ते आधीच टाकायला घेतलं होतं, गावोगाव मार खाऊन. सत्तरीत नोकऱ्या लागल्या तशी आपल्या घरांत लोखंडी कपाटं आली, आरशाची. कपाट आलं की शेजारच्यांना बोलावून पेढे वाटलेले मी पाहिलेत. पाहुणा आला की मुद्दाम कपाटाचं दार उघडं ठेवायचं. हसू नका. उतरंडीत लपवलेला कपडा दोन पिढ्यांनी आरशाच्या दारात उभा राहिला होता. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमचं कपाट गेलं. भाऊ बदली कामगार होता. कपाट विकलं, ट्रंक राहिली, कारण तिला गिऱ्हाईक नव्हतं.

आणि बोहारीण. वाघरी समाजाच्या त्या बाया डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन चाळीत यायच्या. जुने कपडे द्या, भांडं घ्या. त्यांनाही कुणी शेजारी बसवत नव्हतं. त्या कपड्यांचं मग ठिगळ लावून, धुऊन, बाजारात ढीग लागायचे आणि आमच्यासारखेच घ्यायचे. वडिलांचा कोट तसाच आला होता. आज आपली भावजय बोहारणीला कपडे देते म्हणजे आपण त्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. हे वाईट नाही. फक्त आपल्यातले सगळे गेले असं कुणी समजू नये. ऊसतोडीला निघालेल्या माणसांच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर बघा. सहा महिन्यांचे कपडे अजून बोचक्यातच आहेत, कोपीत खुंटीसुद्धा नाही.

नागपूरजवळ चिचोलीला शांतिवन आहे. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथं आहेत, त्यांचे कपडेही. नानकचंद रत्तूंनी त्या जपल्या आणि वामनराव गोडबोल्यांकडं सोपवल्या. मी एकदा गेले होते. कोटासमोर उभी राहिले आणि मनात पहिल्यांदा काय आलं तर, खांद्यात बोळा घातलाय का? त्या कपड्यांना कसर लागत होती, तेव्हा त्यांच्यावर शास्त्रीय प्रक्रिया करून घ्यावी लागली. कपडा ठेवणं हे काम आहे. भक्तीनं काचेत ठेवला तरी कापूस पिवळा पडतोच, आणि घडी एकाच जागी वर्षानुवर्षं राहिली की तो घडीवरच तुटतो. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण ती दर आश्विनात घडी बदलायची.

आई गेल्यावर कुणी बदलली नव्हती. म्हणून भांडण झालं त्या रात्री मी ट्रंक उघडली. पाल्याचा चुरा झालेला. पातळ होतं. घडीच्या कडांवर पिवळ्या रेघा, एका ठिकाणी धागा विरलेला. भावजय झोपली होती की झोपेचं सोंग होतं, माहीत नाही. भाची जागी होती. ती उठून बसली, काय आहे म्हणाली. मी वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं नाही, फक्त ७ डिसेंबरचं सांगितलं. तिनं एक टोक धरलं, मी दुसरं. खोलीत बांधलेली खोकी, पाय ठेवायला जागा नाही, तरी आम्ही ते पूर्ण उलगडलं. जुन्या घड्या सोडून वेगळ्या जागी घडी घातली, मधे जुन्या धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा. भाचीनं प्लॅस्टिकची पिशवी पुढं केली, मी नको म्हटलं, त्यात कापूस घुसमटतो.

खालच्या काठाला एक तपकिरी पट्टा होता, वीतभर रुंद.

"आत्या, हा डाग धुवायचा का?"

"नको. चौपाटीची वाळू आहे ती. ओली होती."

सकाळी भावजयीनं काही न बोलता ट्रंकेला दोरी बांधून दिली. ती आता पुण्यात माझ्याकडं आहे, पलंगाखाली.